टाकीत उतरण्याआधी हवा तपासली का?

आपल्या वस्त्यांतली कितीतरी माणसं बांधकामावर आहेत. कुणी धाराशिवातच मिस्त्रीच्या हाताखाली, कुणी उमरगा-परंड्याहून पुण्या-मुंबईच्या साइटवर. साइटवर धोके मोजताना परांची, उघडी वायर, हेल्मेट एवढं बघितलं जातं. टाकीतल्या हवेचं नाव कुणी काढत नाही. "पाच मिनिटांचं काम आहे, उतर," एवढंच सांगतात.

९ मार्च २०२५ ला मुंबईत नागपाड्याला, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीची टाकी साफ करायला उतरलेले चार मजूर गुदमरून गेले. टाकी पाण्याची होती, मैल्याची नव्हती.

बंद टाकीत साचलेलं पाणी, गाळ, सेंट्रिंगची कुजकी लाकडं हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतात. बाहेर तो सुमारे २१ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की उतरणं धोक्याचं. फारच कमी असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, हाक मारायलाही सवड मिळत नाही. सेप्टिक टँकमध्ये त्यात विषारी वायूची भर. (आपल्याकडे तिला 'सेफ्टी टँक' म्हणतात, नाव तेवढं सेफ्टी!) सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं नाही. खड्ड्यात डिझेल पंप चालवला तर त्याच्या धुरातल्या विषाला वासच नसतो.

जुनी माणसं विहिरीत दिवा सोडून बघायची. त्यावर विसंबू नका. विषारी हवेतही दिवा जळत राहतो, आणि पेटणारा वायू असेल तर भडका उडतो. खरं सांगतो ते वायू मोजायचं यंत्रच.

नेवासे तालुक्यातल्या वाकडीत ९ एप्रिल २०२४ ला शेणाची स्लरी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. तिला काढायला एकामागून एक उतरलेले पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक वाचला, त्याला वर ओढता आलं.

म्हणून मुकादमाला आधी विचारा: हवा तपासली का? झाकणं उघडून पंख्यानं हवा खेळवली का? पट्टा, दोर आणि वर थांबणारा माणूस आहे का? आतला कोसळला तर मागोमाग उडी घेऊ नका. दोरानं ओढा, १०१ किंवा ११२ ला फोन लावा. जबाबदार माणसानं जागा सुरक्षित असल्याचं प्रमाणित केल्याशिवाय मजुराला अशा जागी उतरवायचं नाही, हे बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतच लिहिलेलं आहे. मैल्याच्या टाकीत साधनांशिवाय उतरवणं तर २०१३ च्या कायद्यानं गुन्हाच. तिथं मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं.

विचारलं म्हणून हजेरी बुडेल, ही भीती आम्हालाही ठाऊक आहे. एकट्यानं विचारू नका, चौघांनी मिळून विचारा.