काळं इंद्रधनुष्य

१९९५च्या उन्हाळ्यात जपानमधल्या एका शिबिरात एका मुलाने इंद्रधनुष्य काढलं आणि ते काळ्या रंगाने भरून टाकलं. त्याच वर्षी १७ जानेवारीच्या पहाटे झालेल्या कोबेच्या भूकंपात त्याचे वडील गेले होते.

शिबिर 'आशिनागा' या संस्थेचं होतं. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांच्या शिक्षणाला पैसा पुरवणं हे तिचं काम. संस्थापक योशिओमी तामाई यांची आईही रस्त्यावरच्या अपघातात गेलेली. भूकंपानंतर संस्थेचे स्वयंसेवक वर्तमानपत्रांत छापलेल्या मृतांच्या याद्या घेऊन पडक्या वस्त्यांमधून दारोदार फिरले आणि ५७३ पोरकी मुलं शोधून काढली. मला या पायपिटीचं फार मोल वाटतं. दुःखात बुडालेलं मूल मदत मागायला कुठे जाणार? त्याच्यापर्यंत कुणीतरी चालत जावं लागतं.

पण त्या काळ्या चित्रापुढे शिष्यवृत्ती अपुरी होती. देणग्या गोळा झाल्या आणि जानेवारी १९९९मध्ये कोबेत अशा मुलांच्या मनाला आधार देणारं 'रेनबो हाऊस' उभं राहिलं.

तिथे एक 'ज्वालामुखीची खोली' आहे. भिंतींना मऊ गाद्या, मध्ये ठोसे मारायची पिशवी. मुलाने आत जावं, हव्या तेवढ्या लाथा-बुक्क्या माराव्यात, घसा फुटेस्तोवर ओरडावं. सोबतचे स्वयंसेवक ताई-दादा 'शांत हो' म्हणत नाहीत.

अशा घराची कल्पना अमेरिकेतल्या पोर्टलंडची. तिथे १९८२मध्ये बेव्हर्ली चॅपेल या परिचारिकेने 'डगी सेंटर' सुरू केलं, मेंदूच्या गाठीने गेलेल्या डगी नावाच्या मुलाच्या आठवणीत. मुलं गोल करून बसतात. आपलं नाव, कोण गेलं, कसं गेलं, एवढं सांगतात. बोलायचं नसेल तर पाळी पुढच्याकडे. मोठी माणसं सल्ला देत नाहीत, मूल जे म्हणालं तेच त्याला परत ऐकवतात. त्याच वेळी शेजारच्या खोलीत घरची मोठी माणसं आपल्यासारख्यांशी बोलत असतात. गट कधी सोडायचा, ते मूल ठरवतं.

तिथे 'वारले' हा शब्द सरळ उच्चारतात. आपण 'बाबा देवाघरी गेले' म्हणतो आणि पोराला शेजारच्या काकूंकडे पाठवून देतो. ते बिचारं मनात हिशेब करत बसतं, आपण त्रास दिला म्हणून तर गेले नसतील? वर्गात वडील नसलेलं आपण एकटेच, असं त्याला वाटत असतं. गोलात बसल्यावर शेजारचा मुलगाही तेच सांगतो.

जपानमध्ये २०११च्या त्सुनामीनंतर आशिनागाने सेंदाई, इशिनोमाकी आणि रिकुझेन्ताकाता इथेही अशी घरं बांधली. तिकडच्या मुलांना भेटायला कोबेची मुलं गेली, एव्हाना मोठी झालेली.