बाळाची शी पांढरी का होते?

परवा आमच्या लॅबमध्ये एक आजी महिन्याच्या नातवाला घेऊन आल्या. बाळाचे डोळे पिवळसर. "शी पांढरी होते गं, दूध पचत नसेल का?" त्यांनी विचारलं. म्हणून हे लिहितेय.

लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे लघवीतून जाऊ शकत नाही.

यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून विरघळण्याजोगं करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात आणि शौचाला तपकिरी रंग येतो.

शी पांढरट, मातकट झाली तर पित्त आतड्यात पोचत नसल्याची शक्यता मोठी! मोठ्यांमध्ये सोबत लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते.

तान्ह्या बाळांत कधी पित्तनलिकाच बंद असतात. याला बिलिअरी अट्रेशिया म्हणतात. त्यावरची कासाई शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. कृपा करून काविळीच्या माळेत दिवस घालवू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

यकृत बिलिरुबिन असं बाहेर टाकतं, तरी उत्सर्जन म्हटलं की आपल्याला फक्त मूत्रपिंडं आठवतात. पण लघवीतला युरियाही यकृतच बनवतं, प्रथिनांपासून निघणाऱ्या विषारी अमोनियाचा.

रिपोर्टमधलं 'डायरेक्ट' आणि 'इनडायरेक्ट' बिलिरुबिन समजत नसेल तर खाली विचारा, सविस्तर सांगेन.