हॉल भरायचा की गल्ला? छोट्या मैफलीचा खरा हिशोब



मागच्या व्हिडिओनंतर सिडकोतल्या एका मुलाचा मेसेज आला. "ताई, कंपनीत नोकरी करतो, गिटार वाजवतो. नोकरी सोडून लाइव्ह म्युझिकचं छोटं ठिकाण काढायचंय. 12 लाखांचं लोन मिळतंय. घेऊ का?" दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख. ह्यात माझी फजितीही सांगावी लागणार आहे, कारण आकडे तिथूनच सुरू होतात.

आमचं भांड्यांचं दुकान आहे, जुन्या नाशकात. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी उभं केलेलं. मी बीबीए केलेली, लग्नानंतर गल्ल्यावर बसायला लागले. चार वर्षांपूर्वी डोक्यात आलं की आपण गाण्याची मैफल करायची. गंगापूर रोडला हॉल भाड्याने घेतला, गायक ठरवला, साउंडवाला, फ्लेक्स, सगळं केलं. एका प्रायोजकाने शब्द दिला होता, म्हणून पास फुकट ठेवले. 200 पास वाटले. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी प्रायोजक म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की." कार्यक्रमाला माणसं आली 83. मी दारात उभं राहून मोजली आहेत.

खर्च 38,500. जमा शून्य. आणि ते पैसे दिवाळीच्या मालासाठी बाजूला काढलेले होते, मी अण्णांना न विचारता उचलले होते. अण्णा रागावले नाहीत. वही उघडली, नावेच्या बाजूला "गाणं – 38,500" असं लिहिलं आणि वही मिटली. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता विचार करा, 200 पास घेणारे 117 लोक का आले नाहीत? गाणं आवडत नाही म्हणून? नाही. फुकट पास खिशात असला की घरी पाहुणे आले, पाऊस आला, मॅच लागली, काहीही कारण पुरतं. न गेल्याने त्यांचं काही जात नव्हतं. आपल्या नाशकात तर "पास आहे का?" हा पहिला प्रश्न असतो. त्यात लोकांची चूक नाही. नेहरू चौकातल्या पिंपळपारावर पाडवा पहाट होते, गावात ठिकठिकाणी दिवाळी पहाट होते, सुंदर होतात, आणि ऐकणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पण तिथे कुणीतरी आधी पैसे भरलेले असतात. ते कुणीतरी तुमच्याकडे नसेल तर तुम्ही त्या गणितात बसत नाही. (म्हणूनच दिवाळीच्या आठवड्यात तिकिटाचा कार्यक्रम ठेवूच नका.)

तिकिटाची लाज वाटते ना? मलाही वाटायची. मग पं. विष्णू दिगंबर पलुस्करांबद्दल वाचलं. कुरुंदवाडचा माणूस, जन्म 1872, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेला. त्या काळी गाणं राजाच्या दरबारात, नाहीतर देवळात. त्यांनी सौराष्ट्रात सर्वसामान्य लोकांसाठी तिकीट लावून जाहीर मैफल केली. शास्त्रीय गाण्याच्या तिकिटाच्या मैफली सुरू करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ते चालवायला पैसा आणला तो मैफलींतून. व्यवसायाच्या भाषेत सांगायचं तर एका मोठ्या गिऱ्हाइकावर, म्हणजे राजावर, अवलंबून न राहता त्यांनी शेकडो छोटी गिऱ्हाइकं जोडली.

त्यांच्या गोष्टीचा दुसरा भाग आपण सांगत नाही. 1908 मध्ये शाळा मुंबईत सुरू केली, पुढे तिच्यासाठी कर्ज काढून स्वतःची मोठी इमारत बांधली. मैफलीचं उत्पन्न कधी येतं, कधी येत नाही. कर्ज मात्र दर महिन्याला दारात उभं. 1924 च्या सुमारास सावकारांनी इमारत जप्त केली आणि तिचा लिलाव झाला. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास असे शिष्य घडवणारा माणूस होता हा. गाण्यात कमी पडला नव्हता, श्रोत्यांतही नाही. त्यांनी पुढे आपल्या नाशकातच रामनाम आधाराश्रम काढला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर 1921 मध्ये इथेच जन्मले. आपल्याच गावातली ही केस स्टडी आहे, आणि बीबीएच्या तीन वर्षांत मला ती कुणी शिकवली नाही.

तर मी काय केलं? हॉल सोडला. दुकानाच्या वर माळ्याचं गोडाऊन होतं, अर्धं जुन्या डब्यांनी आणि हंड्यांनी भरलेलं. ते रिकामं केलं, वाडा जुना म्हणून इंजिनिअरला दाखवून वजनाची खात्री करून घेतली. जिना एकच आहे, म्हणून 55 माणसांच्या वर एकही नाही. सतरंज्या घरच्याच. माइक नाही, खोलीच तेवढी आहे. पहिल्या वेळी तबल्याचा बायाँ घुमला की खाली दुकानातली पातेलीही घुमायची. आता कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी मोठी पातेली पालथी घालून मध्ये फडकी ठेवतो.

हिशोब असा. 55 पैकी 8 जागा कलाकारांच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना. फुकट पास म्हणाल तर एवढेच, कारण ज्या आजींची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे त्या खूश असल्याच पाहिजेत. उरल्या 47. गायक 5,000, तबला 2,000, पेटी 2,000. चहा 825. साफसफाई आणि इतर 500. एकूण 10,325. सुरुवातीला तिकीट 250 होतं, म्हणजे 42 तिकिटं गेली की खर्च निघतो. निघाला का? पाच कार्यक्रमांत दोनदा.

मग तिकीट 300 केलं आणि सहा कार्यक्रमांचा एकत्र पास काढला, 1,500 रुपयांना. 26 जणांनी घेतला. 39,000 रुपये आधीच हातात. म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाला 6,500 ठरलेले, आणि उरलेल्या 21 जागांपैकी फक्त 13 विकल्या की खर्च भरून निघतो. ते 26 जण आता पावसातही येतात, कारण पैसे भरलेत! मात्र एक लक्षात ठेवा, ते 39,000 आपले नाहीत. सहा कार्यक्रम होईपर्यंत ते लोकांचे आहेत. वेगळ्या खात्यात ठेवा.

कलाकाराचं पाकीट कार्यक्रमाच्या आधी द्यायचं. "नंतर बघू" म्हणणाऱ्याकडे चांगला कलाकार दुसऱ्यांदा येत नाही.

कागदपत्रांचा कंटाळा येतो, पण ऐका. तिकीट लावून कार्यक्रम म्हणजे आधी पोलीस ठाण्यात चौकशी, लेखी अर्ज, आणि अर्जाची पोच. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. आम्ही सव्वानऊला संपवतो, कारण नाशिकरोडच्या लोकांना बस गाठायची असते. मैफलीचं तिकीट माणशी 500 पर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. एकत्र पासचं कसं धरायचं ते तुमच्या सीएला विचारा.

आणि गाण्यांचे हक्क. इथे भलेभले फसतात. कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण त्याला श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल सगळ्यांची नाही. खळेकाका 2011 मध्ये गेले, मोजा तुम्हीच. गीतरामायणही तसंच. गदिमा 1977 मध्ये गेले, बाबूजी 2002 मध्ये. अशी गाणी तिकिटाच्या कार्यक्रमात घ्यायची तर आयपीआरएसचं लायसन्स लागतं का, ते आधी विचारून घ्या. पारंपरिक बंदिशींना ही कटकट नाही, हेही आम्ही शास्त्रीयाकडे वळण्याचं एक कारण आहे. (दुसरं कारण, साउंडवाल्याचे पैसे वाचतात!)

आता त्या मुलाचं उत्तर. भावा, आमचा हॉल पूर्ण भरला तर एका कार्यक्रमामागे सुटतात 2,475 रुपये. तेही जागेला भाडं नाही म्हणून. 12 लाख, 5 वर्षं, 11 टक्के धर, हप्ता महिन्याला साधारण 26,000. म्हणजे नुसता हप्ता फेडायला महिन्यात 11 हाउसफुल्ल कार्यक्रम. नाशकात महिन्याला 11 वेळा तिकीट काढून येणारी तीच 47 माणसं मला अजून भेटलेली नाहीत. मला परवडतं कारण खाली दुकान आहे. गाणं ऐकायला आलेली माणसं उतरताना समया बघतात, पुढच्या आठवड्यात येऊन घेऊन जातात. ज्याच्याकडे आधीच चहाचं दुकान, क्लासची खोली किंवा रिकामी गच्ची आहे, त्याने महिन्यातून एक कार्यक्रम करून बघावा. नोकरी सोडून नाही, आणि कर्ज काढून तर नाहीच.

त्याला मी एवढंच कळवलं होतं की आधी तीन महिने कार्यक्रमांना जा, पास न मागता तिकीट काढून. कालिदासला जा, कुसुमाग्रज स्मारकात जा. लोक कुठे बसतात, कधी उठतात, मध्यंतरात काय बोलतात ते लिहून ठेव.

गेल्या महिन्यात तो आमच्याकडे आला. 300 रुपये दिले, जिन्याजवळ बसला, वही घेऊन. जाताना म्हणाला, "ताई, मध्यंतरात चहा देऊ नका. कप गोळा होईपर्यंत वीस मिनिटं जातात आणि सहा जण तिथूनच घरी गेले. चहा आधी द्या, साडेसहाला, म्हणजे लोक वेळेवर पण येतील."

अण्णा म्हणाले, "पोरगा बरोबर बोलतोय." या शनिवारपासून चहा साडेसहाला.