रोवणी संपते, कंबर दुखतच राहते

मौदा तालुक्यातल्या धानाच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्या बायांना मी आधी विचारत असे, “काही आजार आहे का?” उत्तर ठरलेलं : “नाही बाई.” मग प्रश्न बदलला : “खाली बसून उठताना हात टेकावा लागतो का?” तेव्हा एकजण म्हणाली, “कंबर त पाच वर्षांपासून दुखते. पण त्याले काय आजार म्हनाव?”

तीन महिन्यांहून अधिक टिकणारी किंवा पुन्हापुन्हा उद्भवणारी वेदना म्हणजे दीर्घकालीन वेदना. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावताना कमरेचे स्नायू ताणले जातात. दुखणं लांबत गेलं, तर मज्जारज्जू आणि मेंदूतली वेदनेची यंत्रणाच कधीकधी अतिसंवेदनशील होते. मग एक्स-रेत काही दिसत नाही, तरी दुखणं खरंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या रोगवर्गीकरणात अशा वेदनेला आजार म्हणून स्वतंत्र स्थान आहे.

न सांगितलेलं दुखणं किती असतं, हे विदर्भानेच जगाला दाखवलं. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पूर्वी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के स्त्रियांची.

म्हणून आता मी आजार विचारत नाही. विचारते : कुठे दुखतं, किती महिन्यांपासून, आणि त्यापायी कोणतं काम जड जातं? उपचाराची सुरुवात या तीन प्रश्नांपासून होते.