जंबुसरचा वायू, राज्याची तिजोरी

बडोद्याजवळ जंबुसरला ओएनजीसीने २०१३ साली शेल वायूसाठी (घट्ट थरांच्या खडकात अडकलेला वायू) विहीर खोदायला घेतली. त्यासाठी फ्रॅकिंग, म्हणजे पाणी, वाळू आणि रसायने जबर दाबाने सोडून खडकाला भेगा पाडणे, लागते. पाण्याची काळजी अनाठायी नाही. हे काम पाणी खूप खाते. मात्र ‘वायू निघाला की तालुका श्रीमंत’ हा समज खरा नाही. जमिनीवरच्या तेल-वायूचे स्वामित्वधन (रॉयल्टी) राज्याला मिळते. एकत्र कुटुंबात धाकट्याचा पगार थोरल्याच्या हाती जावा, तसे. कोळशा-बॉक्साइटच्या जिल्ह्यांना २०१५ पासून निदान जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी तरी आहे. तेल-वायू त्या निधीच्या कायद्याबाहेर. शेतकऱ्याला मिळते ती जमिनीची भरपाई, वायूतला हिस्सा नव्हे.