ताकदीच्या खेळातलं थंड डोकं

11 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिकचा शेवटचा दिवस. लील शहरातल्या पुरुष हँडबॉलच्या फायनलमध्ये डेन्मार्कने जर्मनीचा 39-26 असा धुव्वा उडवला आणि डेन्मार्कच्या मिकेल हॅन्सनने खेळाला रामराम ठोकला. पाठीवर 24 नंबर, कपाळावर पट्टी, साडेसहा फुटांच्या आसपास उंची. सुवर्णपदक गळ्यात घालून निरोप घ्यायचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. आपल्याकडे मात्र त्या दिवशी या माणसाची कुणी फारशी दखल घेतली नाही. क्रीडाशिक्षक म्हणून उभी हयात शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला ते खटकलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान 40 मीटर लांब, 20 मीटर रुंद. गोलकीपर धरून सात-सात खेळाडू. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन तीन पावलांपेक्षा जास्त चालायचं नाही आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचा नाही. गोलसमोर सहा मीटरची अर्धगोल रेषा असते. तिच्या आत पाय ठेवायचा अधिकार फक्त गोलकीपरचा. पण रेषेबाहेरून उडी मारून हवेत आत शिरता येतं. अट एवढीच की पाय जमिनीला लागायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. खेळाची सगळी गंमत या अटीत आहे.

आजच्या हँडबॉलचा पाया घालण्यात मोठा वाटा डेन्मार्कच्याच एका शिक्षकाचा, होल्गर निल्सनचा. ओर्ड्रुपच्या शाळेत त्याने हा खेळ शिकवला आणि 1906 मध्ये नियम छापले. कृत्रिम श्वासोच्छ्वासाची एक जुनी पद्धत याच गृहस्थाच्या नावाने ओळखली जाते.

हॅन्सनच्या घरातही हँडबॉल होतंच. वडील फ्लेमिंग हॅन्सन 1984 च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्ककडून खेळले होते. मिकेलचा जन्म 1987 चा, हेल्सिंगोरचा. जीओजी या डॅनिश क्लबमधून तो विशीतच बार्सिलोनाला गेला, 2010 मध्ये कोपनहेगनला परतला आणि 2012 पासून सलग दहा वर्षं पॅरिस सेंट-जर्मेनकडून खेळला. तिथल्या दहा हंगामांत नऊ वेळा फ्रेंच लीग जिंकली. जगातला सर्वोत्तम हँडबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली तीन वेळा: 2011, 2015 आणि 2018.

त्याची जागा लेफ्ट बॅकची, म्हणजे मागच्या फळीत डावीकडे. या जागेवरच्या उंच खेळाडूकडून अपेक्षा ठरलेली: उडी मारायची आणि बचावपटूंच्या डोक्यावरून चेंडू हाणायचा. हॅन्सन ते करायचाच. पण त्याचं खरं वेगळेपण मला दिसलं ते उडी न मारण्यात. तीन पावलं टाकत तो बचावाच्या भिंतीवर येतो. समोरचे दोघं हात वर करून उडी घेतात, कारण आता फटका वरून येणार याची त्यांना खात्री असते. हा मात्र जमिनीवरच राहतो, हात कमरेपर्यंत खाली येतो आणि चेंडू बचावपटूच्या काखेखालून निघतो. स्वतःच्याच माणसांच्या आड उभ्या असलेल्या गोलकीपरला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि दोघंही त्याच्या अंगावर धावून आले, तर? मग सहा मीटरच्या रेषेवर गर्दीत उभा असलेला पिव्होट मोकळा होतो. हॅन्सन त्याच्याकडे न बघताच पास देतो. कबड्डीत चढाईपटूची नजर एका कोपऱ्यावर आणि डाव दुसऱ्याच कोपऱ्यावर असतो, तसाच हा प्रकार. शेवटच्या क्षणापर्यंत आपल्या मनाचा थांग लागू न देणं, ही हॅन्सनची खरी ताकद.

पदकांची यादी भरगच्च आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला 28-26 ने हरवून सुवर्ण, टोकियोत रौप्य, पॅरिसला पुन्हा सुवर्ण. 2019, 2021 आणि 2023 अशी लागोपाठ तीन विश्वविजेतेपदं. 2008 आणि 2012 मध्ये युरोपचं विजेतेपद. पण पोरांना मी त्याच्या पराभवांची यादी आधी सांगतो. 2011 च्या विश्वचषक फायनलमध्ये जादा वेळेत फ्रान्सकडून 37-35 ने हार. 2013 च्या फायनलमध्ये स्पेनकडून 35-19 अशी नामुष्की. 2014 मध्ये घरच्या मैदानावर युरोपची फायनल गमावली. क्लब पातळीवरची चॅम्पियन्स लीग तर त्याला कधीच मिळाली नाही. तीन वेगवेगळ्या क्लबांबरोबर तो फायनलपर्यंत पोहोचला आणि तिन्ही वेळा हात हलवत परतला: 2010 मध्ये दोन गोलांनी, 2017 मध्ये एका गोलाने, 2024 मध्येही एकाच गोलाने.

शरीरानेही परीक्षा पाहिली. 2022 मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली आणि पॅरिसमधला शेवटचा हंगाम अर्धवट राहिला. तो मायदेशी, आल्बोर्गच्या क्लबात आला. जानेवारी 2023 मध्ये विश्वविजेता झाला आणि दोनच महिन्यांत क्लबने जाहीर केलं की मानसिक ताणामुळे हॅन्सन रजेवर जात आहे. जगज्जेता खेळाडू ताणामुळे सुट्टी घेतो आणि ते चारचौघांत सांगितलं जातं, ही गोष्ट माझ्या लेखी एखाद्या पदकापेक्षा कमी नाही. पुढच्या हंगामात तो परतला आणि त्याच हंगामाच्या शेवटी पॅरिस ऑलिंपिकला गेला.

तिथे संघाचा भार त्याच्या खांद्यावर नव्हता. तो आता त्याचा संघसहकारी मथियास गिडसेलने उचलला होता. टोकियोत हॅन्सनने 61 गोल केले होते. पॅरिसला गिडसेलने 62 केले. हॅन्सन थोडा वेळ मैदानात यायचा, सात मीटरवरून पेनल्टी मारायचा आणि पुन्हा बाकावर जाऊन बसायचा. तीनदा जगातला सर्वोत्तम ठरलेला माणूस बाकावर बसून संघाला उपयोगी पडत होता.

हँडबॉल आता आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही. 2023 मध्ये पहिल्या प्रीमियर हँडबॉल लीगचं विजेतेपद महाराष्ट्र आयर्नमेन या संघाने पटकावलं. शाळाशाळांत मुलं-मुली खेळतात. त्यांना शिकवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एवढंच सांगणं: उंच पोरगा दिसला की त्याला नुसतं 'हाण जोरात' म्हणू नका. त्याला हॅन्सनचे गोल दाखवा, पण त्याआधी पास दाखवा. आणि एखादं पोर 'सर, थकलो' म्हणालं, तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या.