सारस आणि शेतातील पाणी

आदिकाव्याच्या जन्मकथेतील क्रौंच म्हणजे सारसच, असे काही अभ्यासक मानतात. जोडीदार गेला की सारस प्राण सोडतो, ही लोकश्रद्धा उत्तर भारतात दृढ आहे. म्हणूनच शेतकरी त्याला सहसा मारीत नाही. मात्र पक्ष्याला अभय मिळाले तरी घरट्याभोवतीचे पाणी टिकतेच असे नाही. गुरुग्राम जिल्ह्यातील सुलतानपूरची पाणथळ जागा २०२१ मध्ये रामसर यादीत आली; पण सारसाला कुंपण ठाऊक नसते. तो भातशेतातही गवतकाड्यांचा ढीग रचून घरटे करतो. अंडी बहुधा दोनच. पाणी मध्येच आटले, की कुत्र्या-कोल्ह्यांना वाट मोकळी होते. सुमारे महिनाभर अंडी उबवली जातात. तेवढे दिवस बांध न फोडणे आणि घरट्यालगतचे थोडे पीक उभे ठेवणे शेतकऱ्याच्या हाती असते. शेतावर वसाहत उभी राहिली, की तेही राहत नाही.